जोडी आणली, मग पिल्लं ‘अचानक’ कशी?

ससा म्हटलं की आपल्याला आठवतो तो शर्यतीत झोपलेला, नाहीतर पाठीवर पान पडलं म्हणून ‘आभाळ कोसळलं, आभाळ कोसळलं’ करत पळणारा. ‘सशाचं काळीज’ हा शब्द तर व्हायवाच्या दिवशी प्रत्येक रूममध्ये एकदा तरी निघतोच. इतकी जुनी ओळख! पण गेल्या उन्हाळ्यात, ऐन पीएलमध्ये, आमच्या विंगमधल्या सशाला सात पिल्लं झाली आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता : अचानक. “अचानकच झाले ना बे!” माझा आक्षेप या शब्दाला आहे.

विंगमधल्या एका मित्राने फेब्रुवारीत शहरातल्या एका दुकानातून ‘जोडी’ आणली होती. एकटा ससा करमून घेत नाही म्हणून जोडी. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त ठेवा. आता लहान सशात नर-मादी ओळखणं खरंच कठीण असतं. नराचे अंडकोष साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास दिसायला लागतात, त्याआधी जाणकारही फसतो. म्हणजे दुकानदार खोटंच बोलला असं मी म्हणत नाही. पण न कळणाऱ्या गोष्टीची खात्री देऊन त्याने जोडी खपवली, आणि घेणाऱ्याने तीन महिन्यांनी पुन्हा एकदा नीट बघून घेतलं नाही. बाकी सगळं सशाच्या शरीराने आपल्या वेळापत्रकाप्रमाणे केलं. गाई-म्हशीसारखा सशाच्या मादीचा माजाचा ठराविक फेरा नसतो. समागम झाला की त्यानंतर दहा-बारा तासांत तिचं बीज सुटतं. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ हा हिशोब तिथे चालत नाही. गर्भाचा काळ सरासरी ३१ दिवस. आपली सबमिशन्स पुढे ढकलली जातात, ही तारीख फारशी सरकत नाही.

आणि गंमत बघा, सशांची ही वाढ आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरला सी लँग्वेजमध्ये लिहून दाखवलेली आहे! रिकर्शनचा तो ठरलेला प्रोग्रॅम, फिबोनाची सीरिज. १२०२ साली पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे आपल्या फिबोनाचीने, आपल्या पुस्तकात गणित घातलं : एका जोडीपासून वर्षभरात किती जोड्या होतील? उत्तर ३७७. (तीच मालिका त्याच्या निदान पन्नास वर्षं आधी आपल्याकडे आचार्य हेमचंद्राने छंदातल्या मात्रा मोजताना मांडली होती, पण तिथे ससे नव्हते म्हणून बहुतेक नाव झालं नाही.) त्या गणितात एकही ससा मरत नाही आणि प्रत्येक वेळी एकच जोडी जन्मते. खरी मादी चार ते सहा महिन्यांत वयात येते, पण एका वेताला पाच, सात, कधी दहाही पिल्लं देते. प्रोग्रॅम रन करून ३७७ आलं की आपण जर्नल सही करून घेतो. पलंगाखाली जोडी ठेवताना मात्र तो प्रोग्रॅम कुणाला आठवत नाही.

पिल्लं व्हायच्या आदल्या दिवशी मादीने स्वतःच्या पोटाची, छातीची लव उपटायला सुरुवात केली. विंगमध्ये निदान ठरलं : खरूज! एक जण मेडिकलवर मलम आणायला निघालाही. खरं तर तिने आपल्याच लवेचं घरटं करायला घेतलं होतं. ही लव उपटली की दोन कामं होतात, पिल्लांना ऊब मिळते आणि आचळं मोकळी होतात. सकाळी बघतो तर खोक्यात सात जीव. उघडे, गुलाबी, डोळे मिटलेले, उंदराच्या पिल्लांसारखे.

“कच्चेच पडले बे हे. नाही जगत. टाकून देऊ.”

हे म्हणणारा मित्र निर्दय नाही. शेतकऱ्याचा मुलगा आहे, तुरीच्या पट्ट्यात, गवताच्या बांधावर त्याने सशाची पिल्लं पाहिलेली आहेत. ती अशी नसतातच! ती जन्मतःच केसाळ असतात, डोळे उघडे असतात, काही तासांत हालचाल करू लागतात. घोटाळा आपल्या भाषेत आहे. शेतातल्या रानसशाला आपण ससा म्हणतो आणि दुकानातल्या पांढऱ्यालाही ससाच म्हणतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे प्राणी. रानससा बीळ करत नाही, उघड्यावर गवतातच राहतो, म्हणून त्याची पिल्लं तयार होऊनच बाहेर येतात. पाळीव ससा मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा. बिळात आडोसा आहे, म्हणून त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मली तरी चालतं. दोघांचा संकरही होत नाही, गुणसूत्रंच जुळत नाहीत, एकाची ४४ आणि दुसऱ्याची ४८. एका शब्दाखाली दोन प्राणी ठेवल्यामुळे पाच जिवंत पिल्लं त्या दिवशी कचऱ्यात जाणार होती, हे मला अजून विसरता येत नाही.

पाच म्हणतोय, कारण दोन घरट्याबाहेर फरशीवर पडलेली होती आणि थंडगार झाली होती. त्यांतलं एक गेलेलंच होतं. दुसरंही सगळ्यांनी मेलं म्हणून बाजूला ठेवलं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, “गरम होईपर्यंत मेलं म्हणू नका.” हा सल्ला प्रत्येकाने लिहून ठेवावा. सशाची आई मांजरीसारखी पिल्लू तोंडात धरून परत आणत नाही. बाहेर पडलेलं पिल्लू थंडीनेच जातं. तेव्हा ते आधी तळहातांत धरून, मग गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवून ऊब द्यायची. दूध वगैरे काही पाजायचं नाही, नुसती ऊब. अर्ध्या-पाऊण तासाने त्या पिल्लाने पाय हलवला तेव्हा कॉरिडॉरमध्ये जो ओरडा झाला, तो इंडियाने मॅच जिंकल्यावरही होत नाही. म्हणजे हिशोब सहाचा झाला.

पुढचा भाग आपल्या पोट्ट्यांना सर्वात जड गेला, कारण त्यात काहीच करायचं नव्हतं. सशाची आई पिल्लांजवळ बसत नाही. चोवीस तासांतून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री किंवा पहाटे ती घरट्यात शिरते, तीन-चार मिनिटं पाजते आणि बाहेर येते. रानात शिकाऱ्याला बिळाचा पत्ता लागू नये म्हणून हा तिचा पिढीजात शहाणपणा. पण बघणाऱ्याला वाटतं, माय कशी पाहा, जवळसुद्धा जात नाही! लगेच कुणी ड्रॉपर आणतो, कुणी मेसमधून दुधाचा ग्लास. माझं स्पष्ट मत आहे की हॉस्टेलमधली सशाची पिल्लं भुकेने कमी आणि अशा मायेने जास्त मरतात. सशाच्या दुधात फॅट बारा-तेरा टक्क्यांच्या घरात आणि प्रथिनंही जवळपास तेवढीच. गाईच्या दुधात फॅट साधारण चार टक्के. त्या पातळ दुधाने पोट बिघडतं, आणि ड्रॉपरचा थेंब चुकीच्या नळीत गेला तर फुप्फुसात जाऊन जीव जातो. पिल्लू उपाशी आहे की नाही हे आईच्या वागण्यावरून नाही, पिल्लाच्या पोटावरून ठरवायचं. पोट गोल, कातडी ताणलेली आणि अंग गरम असेल तर सगळं ठीक. पोट खपाटीला, कातडीला सुरकुत्या आणि सतत वळवळ असेल तर उपाशी. आम्ही दिवसातून एकदा, सकाळी, एवढंच बघायचो आणि वजनकाट्यावर ठेवायचो. आठवडाभरात वजन जवळपास दुप्पट झालं पाहिजे. झालं.

“पिल्लाइले हात नोको लावू, माय टाकून देते” हे तर प्रत्येकाने ऐकवलं. माणसाला सरावलेली मादी हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही. आधी घरट्यातल्या गवताला हात चोळून घेतले की झालं. आणि मुख्य म्हणजे वीस जणांनी वीसदा हात लावायचा नाही. ती घाबरते ती गोंगाटाला, मांजराला, पुन्हा पुन्हा खोकं हलवण्याला. दुसरं एक, घरट्यात कापूस किंवा गोधडीचे दोरे घालू नका, पिल्लांच्या पायांना गुंडाळले जातात. वाळलेलं गवत आणि आईची लव पुरते.

मग आपला वाशीमचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४२-४३ वर, त्यात लाईट गेली की रूम म्हणजे भट्टी. पिल्लांना ऊब हवी असते, पण सशाच्या आईला तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. तिला घाम येत नाही, ती कानांवाटे अंगातली उष्णता बाहेर टाकते. आम्ही गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवायचो, ती त्यांना टेकून पडायची. पिल्लांवरची लव दुपारी थोडी कमी करायची, रात्री परत घालायची. कूलरचा ओला झोत सरळ खोक्यावर नाही. पाणी मात्र कधीही संपू द्यायचं नाही, कारण पाजणारी मादी किती पाणी पिते यावर आपला विश्वास बसत नाही. खायला गवत, थोडा लसूणघास. मेसच्या पोळ्या, बिस्किटं, फरसाण नाही. फवारणी झालेल्या शेतातला पालाही नाही. आणि कुणाच्या बॅगेतली उरलेली अँटिबायोटिकची कॅप्सूल तर बिलकूल नाही! अमॉक्सिसिलिनसारखं औषध सशाच्या तोंडातून गेलं की त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि मागोमाग ससाही. डॉक्टरला विचारा. अडलं तर अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे, फार लांब नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आणखी एक गोष्ट बजावली : नर आत्ताच्या आत्ता वेगळा करा. सशाची मादी बाळंत झाल्यावर त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नर लगेच दुसऱ्या रूममध्ये गेला, पण ‘लगेच’च्या आधी काय झालं असेल कोण सांगणार? म्हणून कॅलेंडरवर एकतिसावा दिवस गोल करून ठेवला होता. पेपरच्या तारखांपेक्षा त्या गोलाकडे लोक जास्त बघायचे. तो दिवस कोरडा गेला, हे नशीब.

दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्यात सहाही जण खोक्याबाहेर उड्या मारत होते.

आता जे म्हणायचं ते सर लोकांनाही उद्देशून आहे. हॉस्टेलमध्ये प्राणी पाळायला बंदी आहे. हा नियम बरोबरच आहे असं मी मानतो. चार जणांच्या रूममध्ये, सुट्टीत कुलूप लावून सगळे गावाला जाणार, तिथे सशाने काय करावं? पण बंदीचा परिणाम आज असा आहे की ससा येतोच, फक्त पलंगाखाली लपून येतो. मग पिल्लं झाली की रेक्टर सरांच्या राउंडच्या भीतीने खोकं या रूममधून त्या रूममध्ये, तिथून टेरेसवर, तिथून सायकल स्टँडच्या मागे. पहिल्या तीन आठवड्यांत घरटं असं फिरवणं म्हणजे पिल्लांना जवळजवळ मारणंच. आमची वाचली कारण कुणीतरी हिंमत करून रेक्टर सरांना सांगितलं, आणि सर रागावले, खूप रागावले, पण खोकं हलवा म्हणाले नाहीत.

आणि नंतर? “शेतात सोडून देऊ, निसर्ग पाहून घेईल” असं म्हणणारे दोघं-तिघं होतेच. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पांढराशुभ्र प्राणी आपल्या काळ्या मातीच्या रानात सोडला तर कुत्रं, मांजर, घार यांतलं कुणीतरी त्याला एका रात्रीत पाहून घेतं. निसर्ग ‘पाहून घेतो’ तो असा. ऑस्ट्रेलियात उलटं झालं. १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी थोडे ससे सोडले आणि पन्नास वर्षांत त्या देशाला सशांसाठी शेकडो मैलांचं कुंपण बांधावं लागलं. दोन्हीकडे सोडणाऱ्याला वाटलं, आपलं काम संपलं. याच्याच दुसऱ्या टोकाला, सोयाबीन सोंगताना सापडलेलं रानसशाचं पिल्लू ‘अनाथ आहे’ म्हणून खिशात घालून हॉस्टेलला आणणारे वीर. ते अनाथ नसतं. त्याची आईही दिवसातून एकदाच येते आणि त्या रात्री ती रिकाम्या जागेवर येते. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळणं गुन्हा आहे. कारंजा-सोहोळच्या काळविटांबद्दल आपल्याला जिल्ह्याचा अभिमान वाटतो, तोच कायदा बांधावरच्या या कानवाल्यालाही लागू आहे.

सहा पिल्लांना घरं शोधायला दोन महिने लागले. आठ आठवड्यांच्या आत एकही द्यायचं नाही हे ठरलेलं होतं. मागणारे पुष्कळ आले, बहुतेक जण ‘बहिणीच्या वाढदिवसाला’ म्हणून. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, दिवाळीच्या सुट्टीत याला कोण बघणार? निम्मे तिथेच गळाले. मालेगाव, मंगरूळपीर, रिसोड अशी गावोगावी पाच गेली, नर एका घरी, माद्या दुसऱ्या. पण जोडी मागणाऱ्याला जोडी दिली नाही. सहावं, जे गरम पाण्याच्या बाटलीवर परत आलं होतं, ते मेसच्या मावशी घेऊन गेल्या.

नियमावली पुढच्या वर्षी पुन्हा छापली जाईल. ‘प्राणी पाळण्यास सक्त मनाई’ राहू द्या. त्याखाली एवढी एक ओळ वाढवता येईल का : वसतिगृहात पिल्ले आढळल्यास त्याच दिवशी रेक्टरांना कळवावे, कळविणाऱ्यास दंड होणार नाही, आणि दोन महिन्यांपर्यंत त्यांची जागा बदलली जाणार नाही.