झोराची भाची

1973 सालच्या ऑगस्टमध्ये काळी अमेरिकी लेखिका ॲलिस वॉकर फ्लोरिडात ‘मी झोरा नील हर्स्टनची भाची’ असं सांगत फिरत होती. नातं खोटं होतं. लेखिका झोराला जाऊन तेरा वर्षं झाली होती आणि दोघींची कधी भेटही झालेली नव्हती. पण भाचीशी लोक मोकळेपणानं बोलतील, परक्या बाईशी नाही, हे खेड्यात वाढलेल्या ॲलिसला ठाऊक होतं. लेखकांना घडवणाऱ्या पुस्तकांविषयी या सदरात लिहिताना ही भाची मला सारखी आठवते.

नातं जुळलं ते एका कथेपायी. मंदीच्या काळात ॲलिसची आई मदतीचं पीठ आणायला गेली होती. अंगावरचे कपडे बरे दिसतात म्हणून तिथल्या गोऱ्या बाईनं तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं. हा प्रसंग कथेत आणताना ॲलिसला व्हूडू या काळ्या लोकपरंपरेतल्या जादूटोण्याची खरी माहिती हवी होती. गोऱ्या अभ्यासकांच्या पुस्तकांत काळ्या माणसांबद्दल तुच्छताच फार. तिथेच एका तळटिपेत झोराचं नाव सापडलं आणि पुढे हाती आलं 1935 सालचं ‘म्यूल्स अँड मेन’, झोरानं गावोगाव हिंडून जमवलेल्या लोककथा. ॲलिसनं ते नातलगांना वाचायला दिलं. शहरात येऊन गावाकडच्या गोष्टी विसरलेली ती माणसं हसू लागली, वाडवडिलांच्या कथा त्यांना आठवू लागल्या. ॲलिसच्या ‘द कलर पर्पल’ या कादंबरीची मुळं मला या हसण्यात दिसतात.

झोराची कादंबरी ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ 1937 साली आली, तेव्हा रिचर्ड राइटनं ती गोऱ्या वाचकांना रिझवणारी ठरवली होती. हा घोर अन्याय होता. झोराच्या पात्रांसारख्याच गावरान बोलीत ‘द कलर पर्पल’मधल्या सेलीनं पत्रं लिहिली आणि 1983 साली ॲलिसच्या या कादंबरीला पुलित्झर मिळालं.

झोरा 1960 साली सरकारी निराधारगृहात वारली. अंत्यविधीसाठी वर्गणी काढावी लागली. तिचे कागद जाळायला घेतले होते. ओळखीच्या एका पोलीस अधिकाऱ्यानं आग विझवली म्हणून त्यातले काही वाचले.

तिला जिथं पुरलं होतं, त्या फ्लोरिडातल्या फोर्ट पीअर्सच्या स्मशानात 1973 साली कमरेएवढं गवत माजलं होतं. ॲलिसनं झोराला मोठ्यानं हाक मारली, गवत तुडवत राहिली, आणि एका खोलगट जागी तिचा पाय खचला. तीच कबर मानून तिथे तिनं नावाचा दगड बसवायचं ठरवलं. मनात भरलेला उंच काळा दगड परवडला नाही, साधा करडा घेतला. या शोधावरचा तिचा लेख 1975 साली ‘मिझ’ मासिकात आला आणि 1978 साली झोराची ती कादंबरी नव्यानं छापली गेली.

दगडावर जन्मसाल 1901 आहे. खरं साल 1891. फुकट शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सव्विसाव्या वर्षी झोरानं आपलं वय दहा वर्षांनी कमी सांगितलं होतं. भाचीनं तेच खोटं साल कोरून घेतलं.