बाप्तिस्म्याच्या आधी आणि नंतर

वार्षिक अहवाल लिहिताना आपण पाळक सर्वांत आधी बाप्तिस्म्यांचा आकडा लिहितो. तो लिहावाच. पण बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या आयुष्यात देव आधी काय करत होता आणि पुढे काय करतो आहे, याची विचारपूस किती जण करतात?

जॉन वेस्ली यांनी कृपेचे कार्य टप्प्यांनी समजावले. माणूस वळण्याआधीच त्याला जागे करणारी कृपा, विश्वासाच्या द्वारे त्याला नीतिमान ठरवणारी कृपा आणि मग आयुष्यभर पवित्र करत नेणारी कृपा. १७२८ मध्ये त्यांची पुरोहित म्हणून दीक्षा झाली. उपवास केले, कैद्यांच्या भेटी घेतल्या, जॉर्जियात मिशनकार्य केले. तरी तारणासाठी केवळ ख्रिस्तावर आपला भरवसा आहे, ही खात्री त्यांना २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत मिळाली.

आपल्याला याहून जवळची साक्ष पंडिता रमाबाईंची. सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली लूककृत शुभवर्तमान सापडले. पुढे इंग्लंडमध्ये, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचे काम त्यांनी पाहिले, शोमरोनी स्त्रीची कथा वाचली आणि मन हलले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. अहवालापुरते काम इथे संपले असते. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः त्यांना सुमारे आठ वर्षांनी भेटला. दरम्यान शारदा सदन उभे राहिले होते, विधवांना आसरा मिळत होता. इतकी सेवा करणाऱ्या बाईलाही आत काहीतरी उणे आहे असे वाटत होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. त्या आठ वर्षांत कृपा थांबली होती असे मला मुळीच वाटत नाही. तिचे काम चालूच होते.

आपल्या मंडळीत अशी कितीतरी माणसे आहेत. नियमाने उपासनेला येतात, वर्गणी देतात, पण साक्षीची वेळ आली की मान खाली घालतात, कारण तारणाची तारीख त्यांना सांगता येत नाही. तारखेचा आग्रह आपण सोडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कर्नेल्याच्या घरी पेत्र पोहोचला, त्याआधीच कर्नेल्याच्या प्रार्थना देवापर्यंत गेल्या होत्या. टप्प्यांची शिकवण पाळकाने समोरच्याचे ऐकून घेण्यासाठी वापरावी, परीक्षा घेण्यासाठी नव्हे.

आणि बाप्तिस्म्याचा वर्ग बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी बंद करू नये. निदान वर्षभर तो चालवावा, घरभेटी चालू ठेवाव्यात, आणि क्षमा करणे, पैसा, दारू, सासर-माहेरचे तंटे यांत प्रभू काय बदलतो आहे, हे तिथे मोकळेपणाने बोलले जावे.