खोकल्याची बाटली आणि दुबळीं मूत्रपिंडें

जालना जिल्ह्यांतील अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं अंकुशनगर वसलें आहे. हिवाळ्यांत तेथें गाळपाचा हंगाम असतो. थंडी आणि उसाच्या गाड्यांनीं उडणारी धूळ यांमुळें खोकल्यास निमित्त शोधावें लागत नाहीं. अशा वेळीं तेथें काय किंवा पुण्या-मुंबईस काय, घरोघरीं चाल एकच. एकाच्या खोकल्यासाठीं आणलेली बाटली फडताळांत राहते, आणि पुढें जो खोकेल त्यास तिच्यांतले दोन चमचे मिळतात. चिठ्ठीवांचून मिळणारें औषध निरुपद्रवीच असणार, हा समज त्यामागें असतो. धडधाकट माणसाच्या बाबतींत तो बहुधा निभावतो. परंतु ज्या वडीलधाऱ्यांचीं मूत्रपिंडें मधुमेहानें वा रक्तदाबानें क्षीण झालीं आहेत, त्यांच्या बाबतींत तो घातक ठरूं शकतो.

निरोगी मूत्रपिंडें दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील बहुतेक सर्व रक्तांत परत घेतात. अनेक औषधांची विल्हेवाटही तेथेंच लागते. ही गाळण मंदावली कीं औषध शरीरांत सांचूं लागतें, आणि नेहमींची मात्राही जास्त होते.

शिवाय खोकल्याचें औषध बहुधा तीन-चार द्रव्यांचें मिश्रण असतें. कफ पातळ करणारीं ब्रोमहेक्सीन व अँब्रॉक्सॉल सहसा सोसतात. तथापि विकार तीव्र असल्यास डॉक्टरांस विचारूनच घ्यावीं. अमोनियम क्लोराइड हें जुनें द्रव्य रक्तांतील आम्लता वाढवितें, आणि आम्ल बाहेर टाकणें दुबळ्या मूत्रपिंडांस आधींच जड जात असतें. नाक मोकळें करणारें स्यूडोएफेड्रीन रक्तदाब चढवितें; तीव्र मूत्रपिंडविकारांत तें देऊं नये, असें युरोपीय औषधनियामकांनीं २०२४ मध्यें ठरविलें. सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. कोडीन सांचून गुंगी आणतें व श्वास मंदावतें. अंगदुखीसाठीं जोडीला घेतलेलें आयबुप्रोफेन तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाच घटवितें. योग्य मात्रेंतील पॅरासिटॅमॉल त्याहून बरें. मात्र सर्दीच्या गोळींत तें आधींच आहे कीं काय, हें पाहावें.

आमचे कित्येक वाचक म्हणतील कीं, मग घरगुती काढाच बरा. पण जेष्ठमधाचा अतिरेक झाला तर शरीरांत पाणी व मीठ सांठून रक्तदाब वाढतो. ज्यांस पाणी मोजून प्यावयास सांगितलें आहे, त्यांस "भरपूर गरम पाणी प्या" हा उपदेशही अपायकारक. मीठ-पाण्याच्या गुळण्या करून पाणी थुंकून टाकावें, हें अधिक सुरक्षित.

खोकला हा कित्येकदां निरोपही असतो. मूत्रपिंडें राखण्यासाठींच दिलेल्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा गोळ्यांनीं कोरडा खोकला लागतो. गोळी मनानें बंद न करतां डॉक्टरांस सांगावें. उताणें निजल्यावर खोकला व धाप वाढत असेल, पायांस सूज असेल, तर फुप्फुसांत पाणी भरल्याची शंका घ्यावी व तत्काळ दवाखाना गांठावा. दोन आठवडे टिकलेल्या खोकल्यास क्षयाची तपासणी हवीच. या तिन्ही प्रसंगीं बाटलीनें केवळ वेळ दवडला जातो.

औषधाची शुद्धता हीही साधी गोष्ट नव्हे. १९८६ मध्यें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत दूषित ग्लिसरीनमुळें १४ रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. त्यांतील डायएथिलीन ग्लायकॉल हेंच विष २०२५ मध्यें मध्यप्रदेशांत छिंदवाड्याकडील बालकांस दिलेल्या खोकल्याच्या औषधांत सांपडलें. त्यांपैकीं अनेकांवर नागपुरांत उपचार झाले, तरी कित्येक वांचलीं नाहींत. म्हणून औषध पावती घेऊनच विकत घ्यावें आणि जुनी, उघडी बाटली निष्ठुरपणें टाकून द्यावी.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण आम्हांस निराळीच दिसते. तपासणीचे कागद मुलाच्या कपाटांत, औषधाचा चमचा सुनेच्या हातीं, आणि "कशाला उगीच त्रास" म्हणून दुखणें वडिलांच्या मनांत! तिघांची गांठ पडत नाहीं. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. वडिलांच्या क्रिॲटिनिनचा व गाळणगतीचा ताजा आंकडा, तारीख आणि चालू औषधें एका कागदावर लिहून तो फडताळाच्या दारास आंतून चिकटवावा. गाळणगति तीन महिने ६० च्या खालीं असेल तर विकार जुनाट समजावा. आणि दुकानीं जातांना "खोकल्याचें औषध द्या" एवढेंच न म्हणतां, कागद दाखवून "मूत्रपिंडाच्या रोग्यासाठीं हवें आहे" असें सांगावें. दुकानदार जर क्षणभर थबकला, तर बाटली तेथेंच ठेवून डॉक्टरांकडे जावें.