ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल नव्हे



जबलपूरला पोस्टिंग आली तेव्हा फॅमिली क्वार्टरचा नंबर लागायला वेळ होता, म्हणून गोहलपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जबलपूर हे गाड्यांचं गाव. शक्तिमान ट्रक इथल्या व्हेइकल फॅक्टरीतून निघाले, आणि जोंगाचं तर नावच इथल्या ऑर्डनन्स आणि गन कॅरेज कारखान्यांवरून पडलेलं. माझी सगळी नोकरी ईएमईची. अशा गावात एका सायकलच्या ब्रेकने मला धडा शिकवला, तो आज सांगतो.

मुलासाठी हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची सेकंडहँड सायकल घेतली होती. मागचा ब्रेक पोचट लागायचा, लिव्हर पार हँडलला टेकायचा. हवा शिरली असणार, हे मी लगेच ओळखलं. घरात डॉट ४ ची अर्धी बाटली पडून होती. आयुष्यभर गाड्यांत हेच भरलं, सायकलला काय वेगळं लागणार? भरलं, हवा काढली, ब्रेक टणक झाला. मुलगा म्हणाला, "बाबा, एकदम नव्यासारखा!" मीही मिशीवर ताव दिला.

तीन आठवड्यांनी एका रविवारी पोरगा मदन महलच्या टेकडीवरून उतरत होता. मागचा ब्रेक दाबला तर लागेचना. पुढच्या ब्रेकला मी हात लावला नव्हता, म्हणून तो शाबूत होता. त्यावर सायकल थांबली आणि पोरगं कोपर सोलून घरी आलं.

सायकल गोहलपुरातल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने कॅलिपर उघडला. सील फुगून मऊ पडलं होतं, तेल पॅडवर झिरपलं होतं. त्याने फक्त एवढंच विचारलं, "फौजी भैया, ढक्कन पढ़ा था?" ढक्कन पुसलं तर त्यावर स्पष्ट कोरलेलं, मिनरल ऑइल.

मंडळी, काय घडलं ते समजून घ्या. सायकलच्या ब्रेकमध्ये दोन घराणी आहेत. एक डॉट, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ठरवलेल्या मापाचं, आपल्या मोटारींत असतं तेच. दुसरं मिनरल ऑइल. डॉटच्या ब्रेकमध्ये सील साधारणपणे ईपीडीएम रबराचं असतं, मिनरलच्या ब्रेकमध्ये नायट्राइलचं. एकाचं तेल दुसऱ्याच्या सीलला लागलं की रबर फुगतं, कुजतं. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. ब्रेक उत्तम लागतो, आणि खरा धोका तोच आहे.

गाडी चालवणारे मित्र म्हणतात, "डॉटचा उकळबिंदू जास्त, म्हणून ते चांगलं." अर्धं खरं आहे. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, डॉट ५.१ किमान २६० पर्यंत. पण डॉट हवेतली ओल पिऊन घेतं. ओल शोषल्यावर याच मापात डॉट ४ ला १५५ आणि ५.१ ला १८० अंशच मागितले आहेत. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर नुसता आत जातो. म्हणून डॉट वर्षा-दोन वर्षांनी बदलावंच लागतं. शिवाय ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं. मिनरल ऑइल ओल पीत नाही, पण पाणी शिरलंच तर ते वेगळं राहून खाली कॅलिपरमध्ये साचतं, आणि पाणी १०० अंशांनाच उकळतं. दोघांतही खोट आहे, दोघांतही गुण आहे.

आणखी एक सापळा आहे. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही भावंडं नव्हेत. ५.१ हे ३ आणि ४ च्याच कुळातलं, ग्लायकॉलचं. ५ हे सिलिकॉनचं. अमेरिकी लष्कराने गाड्या वर्षानुवर्षं उभ्या राहतात म्हणून ते स्वीकारलं, पण आपल्या सायकलला ते चालत नाही. एका टिंबाचा फरक आहे, चष्मा लावून वाचा.

नुसत्या कंपनीच्या नावावरही जाऊ नका. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो यांचे ब्रेक मिनरलवर चालतात. होप आणि हेजचे बहुतेक ब्रेक डॉटवर. स्राम वर्षानुवर्षं डॉटवाली, पण तिच्याही अलीकडच्या काही ब्रेकना मिनरल लागतं. मिनरल म्हणून शिलाई मशीनचं किंवा बाळाला लावायचं तेल ओतणारेही मी पाहिलेत. मिनरल ऑइलला डॉटसारखं एक सामाईक माप नाही. ज्या कंपनीचा ब्रेक, तिनेच सांगितलेलं तेल घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. तेलाची निवड बाटली घेताना नसते, सायकल घेताना असते. तुमच्या गावात काय मिळतं, ब्रेकची देखभाल तुम्ही किती वेळा कराल, ते तेव्हाच ठरवा. तालुक्याच्या गावी ऑटोच्या दुकानात डॉट सहज मिळतं, सायकलचं मिनरल शहरातून मागवावं लागतं. पण दर वर्षी तेल बदलायचा कंटाळा असेल तर मिनरलचा ब्रेक बरा. एकदा सायकल घरी आली की निवड संपली. मग ढक्कनावर लिहिलंय तो हुकूम, आणि हुकमात "चालतंय की" बसत नाही.

चुकीचं तेल गेलंच असेल तर नुसतं धुऊन पुन्हा भरू नका. सील बदला, सील मिळत नसेल तर ब्रेक बदला. मी आख्खा मागचा ब्रेक बदलला. खिशाला लागलं, पण पोराच्या कोपराकडे पाहिलं की ते स्वस्तच वाटतं.

वीस वर्षांच्या अनुभवाने मला ढक्कन न वाचायला शिकवलं होतं. ज्याचा हात सरावलेला, त्यानेच आधी वाचावं. निवृत्त बंधूंनो, नातवाची सायकल दुरुस्त करायला बसाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

जय हिंद.