हवा कोण करतं आणि सही कोण करतं?

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी, अमेरिकेतल्या मतदानाला अकरा दिवस उरले असताना, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने जाहीर केलं की यापुढे आम्ही राष्ट्राध्यक्षपदाच्या कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देणार नाही. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख तयार होता, तो छापलाच गेला नाही. अडीच लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी बंद केली. मग मालक जेफ बेझोस यांनी स्वतः लेख लिहून समर्थन केलं. मुद्दा एवढाच की अशा पाठिंब्याने निवडणुकीचं पारडं हलत नाही, पेपर पक्षपाती आहे एवढा समज मात्र पसरतो.

आपल्याकडच्या अनेक सुशिक्षितांनीही यावर मान डोलावली. पेपरने बातमी द्यावी, मत कुणाला द्यायचं ते सांगू नये, हे ऐकायला बरंही वाटतं. मला हे अजिबात पटत नाही.

आधी 'पारडं हलत नाही' याबद्दल. नोव्हेंबरच्या लढतीत पक्षाचं नाव समोर असतं, बहुतेक मतदारांचं ठरलेलं असतं. तरीही च्यांग आणि नाइट या अर्थशास्त्रज्ञांनी २०००च्या आणि २००४च्या निवडणुकांचा अभ्यास करून २०११मध्ये दाखवलं की पाठिंब्याचा परिणाम होतो, आणि पेपरच्या नेहमीच्या कलाविरुद्ध पाठिंबा आला तर जास्त होतो. प्रायमरीची तर गोष्टच वेगळी. तिथे सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. पक्षाचं लेबल उपयोगी पडत नाही, धोरणांतले फरक बारीक असतात, आणि सात-आठ जणांपैकी निम्म्यांची नावंही लोकांना नीट माहीत नसतात. अशा वेळी रोज घरी येणाऱ्या पेपरने 'आम्ही सगळ्यांशी बोललो, आम्हाला ही व्यक्ती योग्य वाटते' असं लिहिलं, तर ते मोजलं जातं.

२००४चं आयोवा बघा. जॉन एडवर्ड्स मागे पडलेले होते. ११ जानेवारीला 'द मॉइन रजिस्टर'ने त्यांना पाठिंबा दिला. १९ जानेवारीच्या कॉकसमध्ये जॉन केरींना ३८ टक्के आणि एडवर्ड्सना ३२ टक्के मिळाले. ज्यांची सगळीकडे हवा होती ते हॉवर्ड डीन १८वर थांबले. हे सगळं एका अग्रलेखामुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. एडवर्ड्सची भाषणंही त्या आठवड्यात रंगत होती. पण अग्रलेखाने इतर पत्रकारांना त्यांच्या सभांना जायला कारण दिलं.

खरी यंत्रणा इथेच आहे, आणि इंजिनियर म्हणून मला ती ओळखीची वाटते. हा फीडबॅक लूप आहे. अग्रलेखाची बातमी होते, बातमीमुळे देणग्या येतात, देणग्यांतून जाहिराती, जाहिरातींतून पोलमधले आकडे, आणि आकड्यांची पुन्हा बातमी. २०२०मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने डिबेटच्या मंचावर कोणाला जागा द्यायची ते पोल आणि देणगीदारांच्या संख्येवरून ठरवलं. म्हणजे हा लूप चक्क नियमांत बसवला. त्या वर्षी आयोवाचे डेलिगेट होते जवळपास चार हजारांपैकी ४१. एक टक्का. तरी सगळं जग आयोवाकडे बघत होतं, कारण तिथे डेलिगेटपेक्षा हवा वाटली जाते.

आणि हवा म्हणजे अपेक्षेशी तुलना. १९७२मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये 'युनियन लीडर'चे मालक विल्यम लोब एडमंड मस्की यांच्यावर पहिल्या पानावरून तुटून पडले होते. मस्की पेपरच्या कचेरीसमोर बर्फात उभे राहून चिडून बोलले. ते रडले की चेहऱ्यावर बर्फ वितळत होतं, हा वाद आजही चालतो. मस्की ४६ विरुद्ध ३७ टक्क्यांनी जिंकले, आणि तरीही हरल्यात जमा धरले गेले. पेपरची ताकद किती विषारी असू शकते याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

उलट दाखलेही आहेत, ते लपवायचं कारण नाही. याच 'युनियन लीडर'ने नोव्हेंबर २०११मध्ये न्यूट गिंग्रिच यांना पाठिंबा दिला; जानेवारीत त्यांना तिथे नऊ टक्के मतं मिळाली. २०२०मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एलिझाबेथ वॉरन आणि एमी क्लोबुशार या दोघींना एकदम पाठिंबा देऊन स्वतःचं हसं करून घेतलं. वॉरनना 'रजिस्टर'चाही पाठिंबा होता, तरी त्या आयोवात तिसऱ्या आल्या. पाठिंबा हे मंत्रतंत्र नव्हे. लोक अनिश्चित असतील, वेळ नेमकी असेल आणि पेपरची स्थानिक पत असेल, तर तो चालतो.

मग एवढी ताकद पेपरच्या हाती असावी का? असावी, कारण ती सहीसकट आहे. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये 'युनियन लीडर'ने ख्रिस ख्रिस्टी यांना पाठिंबा दिला. ते न्यू हॅम्पशायरमध्ये सहावे आले, बाहेर पडले आणि त्याच महिन्यात ट्रम्प यांच्या मागे उभे राहिले. पेपरने अग्रलेख लिहून आपण चुकलो असं कबूल केलं. वाचकाला जाब विचारता आला, कारण मत कुणाचं होतं ते त्याला माहीत होतं.

अग्रलेख बंद केल्याने हवा बंद होत नाही. ती कुठल्या सभेला कॅमेरा पाठवला यातून तयार होते. फीडमध्ये कोणता चेहरा वर दिसतो, यातून होते. रँकिंगचे वजन ठरवणारा कोड कोणीतरी माणूसच लिहितो. माझ्या धंद्यात हे कोणालाही विचारा. तो पाठिंबाच आहे, फक्त त्याखाली नाव नाही आणि 'आम्ही चुकलो' असं तिथे कधीच छापून येत नाही.

आपल्याकडे तर 'आम्ही कुणाच्या बाजूचे नाही' म्हणत काय चालतं, ते २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत दिसलं. एकाच उमेदवाराच्या कौतुकाचा तोच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक पेपरांत बातमी म्हणून छापला गेला. पी. साईनाथ यांनी ते उघड केलं, प्रेस कौन्सिलच्या समितीने पेड न्यूजवर अहवाल दिला. त्या पेपरांनी उघड लिहिलं असतं की आम्ही अमुकच्या बाजूने आहोत, तर वाचकाची फसवणूक तरी टळली असती.

अमेरिकेत उलटा प्रवास सुरू आहे. 'शिकागो ट्रिब्यून' आणि 'डेन्व्हर पोस्ट' ज्या ऑल्डन कंपनीच्या मालकीचे, तिने २०२२मध्येच राष्ट्राध्यक्ष, सिनेटर आणि गव्हर्नर या पदांसाठी पाठिंबा देणं थांबवलं. २०२८च्या प्रायमऱ्या येतील तेव्हा आयोवा, न्यू हॅम्पशायरसारख्या ठिकाणच्या पेपरांनी पाठिंबा जरूर द्यावा. 'टाइम्स'ने २०२०मध्ये निर्णय गमतीचा घेतला, पण उमेदवारांच्या मुलाखती शब्दशः छापल्या होत्या. तेवढं प्रत्येकाने करावं, आणि मालकाने निर्णयात हात घातला असेल तर तेही त्याच पानावर छापावं.