धडधड ऐकून घ्या
रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत ठोका चुकल्यासारखा होतो आणि पुढचा ठोका धाडकन बरगडीवर आदळतो. मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स असलेल्या अनेकांना हे नवं नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या या झडपेला दोन पाकळ्या असतात. त्या सैल असल्या की दर ठोक्याला वरच्या कप्प्याकडे फुगतात. शंभरात दोन-तीन जणांत हे आढळतं आणि बहुतेकांचं आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. ठोका खरं तर चुकत नाही, वेळेआधी पडतो. नंतरच्या विरामात कप्पा जास्त भरतो, म्हणून पुढचा ठोका जोरात जाणवतो. एवढं कुणी नीट समजावलं तरी निम्मी भीती ओसरते. पण बायकांना घरोघरी ऐकवलं जातं, ‘टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे.’ हे मला अजिबात मान्य नाही. ईसीजी, टूडी इको आणि गरज पडल्यास चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टर करून घ्यावा. झडपेतून गळती किती, यावर पुढची तपासणी कधी ते डॉक्टर ठरवतात. जागरण, जादा चहा-कॉफी, पाणी कमी पिणं यांनी धडधड वाढते, ते सांभाळावं. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा जिना चढताना नव्याने धाप लागू लागली, तर एक दिवसही थांबू नये. आणि घरच्यांनी अशा बाईला डॉक्टरकडे एकटीला पाठवू नये. सोबत जावं, रिपोर्ट समजून घ्यावा.