धावणे आणि पळणे

मराठीत पायांच्या एकाच क्रियेला दोन क्रियापदे आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. धावणारा बहुधा कुणाकडे तरी जातो. पळणारा कशापासून तरी दूर जातो. संकटात कुणी धावून येतो, कुणी पळून जातो. देवाचा आपण धावा करतो आणि भित्र्याला पळपुटा म्हणतो. आमच्या सोनपेठकडे रोजच्या बोलण्यात 'धावणे' फारसे नाही. आम्ही लहानपणापासून पळतच आलो. प्रश्न केवळ बोलीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या मुलांच्या वाट्याला ही क्रिया ज्या रूपांत येते ती पाहिली, की बोलीने नकळत खरे तेच सांगितले आहे असे वाटू लागते.

ही रूपे मुख्यतः तीन. पहिले मनाईचे : 'पळू नको, पडशील.' दुसरे शिक्षेचे : 'मैदानाला पाच फेऱ्या मार.' आणि तिसरे, वयाच्या अठराव्या वर्षानंतर येणारे, भरतीचे. या तिन्हींत आनंदाला जागा नाही.

दुसऱ्या रूपाचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. वर्गातला सर्वांत हळू मुलगा मी. प्रार्थनेला उशीर झाला की फेऱ्या, गृहपाठ राहिला की फेऱ्या; आणि शेवटच्या फेरीला रांगेत उभ्या असलेल्या साऱ्या शाळेचे हसू. शिक्षक दुष्ट नव्हते, त्यांच्याही शिक्षकांनी त्यांना असेच पळवले असणार. परंतु त्यातून मी एवढेच शिकलो, की धावणे ही अपराध्याने करायची गोष्ट आहे. गंमत अशी, की तोच मी उन्हाळ्यात संध्याकाळी वाण नदीच्या कोरड्या पात्रात शिवाशिवी खेळताना अंधार पडेपर्यंत थांबत नसे. वाळूत पाय रुतत, चपला काठावर राहत, आणि कोण जिंकले हे घरी पोहोचेपर्यंत कुणाच्या लक्षातही नसे. आपण तिथेही धावतच होतो, हे कळायला मला पुढे कित्येक वर्षे लागली.

भरतीच्या धावण्याविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. पहाटे सोनपेठहून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर ही मुले-मुली दिसतात. पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीचे 50 गुण असतात; त्यांपैकी 20 गुण मुलांना 1600 मीटरचे आणि मुलींना 800 मीटरचे. ज्या घरातले आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, त्या घराला त्या 20 गुणांची किंमत काय असते हे बाहेरच्याने सांगण्याची गरज नाही. या धावण्याला हिणवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्यातली शोकांतिकाही नजरेआड करता येत नाही. 2014 च्या जून महिन्यात मुंबईतील पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. उन, आर्द्रता, उपाशी पोट अशी कारणे त्या वेळी चर्चिली गेली, आणि ती रास्तच होती. मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. आपण मुलांना दहा-बारा वर्षे बाकावर बसवून ठेवतो आणि मग एका सकाळी त्यांचे सारे भवितव्य त्यांच्या फुप्फुसांवर टाकतो, हे कसे?

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : ही काळजी शहरांची, खेड्यातली मुले हिंडती-फिरतीच असतात. मला हा युक्तिवाद सोयीस्कर वाटतो. फडावर आईबापांसोबत गेलेले मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढे गोळा करते. त्याचे शरीर थकते हे खरे, पण ते श्रमाने थकते, आणि श्रम म्हणजे खेळ नव्हे. जी मुले गावातच राहतात, त्यांच्या हाती आता इथेही मोबाइल आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल सुचवली. ती सूचना सोनपेठच्या मुलालाही तेवढीच लागू आहे.

याच आक्षेपाची दुसरी बाजू म्हणजे गरिबीचे उदात्तीकरण. शेजारच्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे काही किलोमीटर दूरच्या शाळेत पायी, कधी धावत जात असे. पुढे तो सैन्यात गेला, तिथे त्याला शर्यती आणि प्रशिक्षण मिळाले आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. ही कथा आपण मुलांना सांगतो आणि त्यातून 'हालअपेष्टांतून धावपटू घडतो' असा बोध काढतो. पण शाळेसाठी तेवढीच पायपीट करणारी हजारो मुले मराठवाड्यात होती. ती कुठे गेली? अविनाशला घडवण्यात त्या वाटेइतकाच वाटा पुढे मिळालेल्या मैदानाचा आणि मार्गदर्शनाचा आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये, 2016 साली, याच शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली; तिची सुरुवात खो-खोपासून झाली होती. मला हे फार महत्त्वाचे वाटते. आधी खेळ होता, शर्यत नंतर आली.

हा क्रम उलटा केला की काय होते तेही देशाने पाहिले आहे. 2006 मध्ये ओडिशातील बुधिया सिंग या जेमतेम चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर असे 65 किलोमीटर धावायला लावले गेले. टाळ्या वाजल्या, कॅमेरे आले, आणि अखेरीस सरकारला त्याच्या अशा धावण्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडच्या क्रीडास्पर्धांत याची सौम्य आवृत्ती दर वर्षी दिसते : निवडक पाच मुले धावतात आणि उरलेली पाचशे टाळ्या वाजवतात. त्या पाचशेंना आपण काय देतो?

मुलींविषयी वेगळे लिहिले पाहिजे. बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे धावणे थांबते. थांबवले जाते असे म्हणणे अधिक खरे. ज्या जिल्ह्यात हे घडते त्याच परभणीची ज्योती गवते 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. तिचे नाव जिल्ह्यातल्या किती शाळकरी मुलींना ठाऊक असेल, अशी मला शंका आहे.

उपाय अवघड नाहीत. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असावे असे म्हटले आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असेही. पालकांनी ते मागावे. पण कायद्याची वाट न पाहता करण्यासारख्या गोष्टीही आहेत. शिक्षा म्हणून धावायला लावणे उद्यापासून बंद करता येते. शिवाशिवी, लंगडी, आट्यापाट्या यांना ना साहित्य लागते ना खर्च. उन्हाळ्यात इथे पारा चाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा सकाळची वेळ धरावी. हातात घड्याळ घेऊ नये, निदान दहा वर्षांच्या आतील मुलांसाठी तरी. आणि जो शेवटी येतो त्याला कुणी हसणार नाही, एवढी जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी. शक्य असेल तर मोठ्यांनीही त्याच्यासोबत धावावे. आपणच शेवटी आलो तर अधिक उत्तम.

यातून सोनपेठला ऑलिंपिकपटू मिळेल की नाही, हा माझ्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. या मुलांपैकी बरीचशी पुढे पुण्याला, मुंबईला, कारखान्यावर, भरतीला जातील. पळणे त्यांना परिस्थिती शिकवीलच. त्याआधी काही वर्षे संध्याकाळी दम लागेपर्यंत धावावे आणि घरी गेल्यावर कुणी 'कुठे गेला होतास?' म्हणून विचारले तर 'कुठे नाही, खेळत होतो' असे सांगता यावे, एवढे तरी आपण त्यांना देणे लागतो.